उंच झाडांच्या पायाशी

रेडवुडच्या जंगलात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं प्रत्येक जण वर बघत चालतो. मान अवघडते, शेंडा काही दिसत नाही आणि फोनच्या चौकटीत खोडाचा जेमतेम एक तुकडा मावतो. मग नजर हळूहळू खाली येते. माझ्या मते जंगल पाहणं तिथून सुरू होतं. या झाडांची उंची ऐकून माणसं येतात, पण ती उंची ज्यावर उभी आहे ते सगळं पायाशी असतं, आणि आपण तिथे जाऊन जे काही बिघडवतो तेही पायाशीच.

आधी एक नेहमीचा घोळ निस्तरू. कॅलिफोर्नियात मुलांकडे आलेल्या आईबाबांना योसेमिटीजवळची महाकाय झाडं दाखवली जातात आणि घरी परतल्यावर ‘रेडवुड पाहिले’ असं सांगितलं जातं. ती झाडं जायंट सिक्वोया. ती सिएरा नेवाडाच्या उतारांवर, बर्फाच्या प्रदेशात वाढतात. घेर अवाढव्य, पण उंचीला कमी. त्यांतलं सर्वांत मोठं जनरल शर्मन साधारण ८४ मीटर आहे, म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरएवढं. किनाऱ्यावरचा कोस्ट रेडवुड वेगळा. हायपेरियन नावाचं त्याचं सर्वांत उंच झाड सुमारे ११६ मीटर आहे. ऑरेगनच्या नैऋत्य टोकापासून बिग सरपर्यंत, समुद्राला लागून असलेल्या जेमतेम सव्वासातशे किलोमीटरच्या पट्ट्यात हे झाड निसर्गतः उगवतं आणि किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरहून आत सहसा जात नाही. त्याचं कारण धुकं.

या किनाऱ्यावर पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल पडतो. उन्हाळ्याचे महिने जवळजवळ कोरडे जातात. पण त्याच दिवसांत थंड समुद्रावरून धुकं आत सरकतं, रेडवुडच्या सुयांसारख्या पानांत अडकतं, थेंब होऊन खाली ठिबकतं. जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यातला साधारण तिसरा हिस्सा या ठिबकण्यातून येतो. काही पाणी पानं स्वतःच शोषून घेतात. जुलैच्या सकाळी डांबरी रस्ता कोरडा ठणठणीत आणि झाडाखाली मात्र टपटप पाऊस, हे तिथलं रोजचं दृश्य आहे.

आणि हे पाणी पिणारी मुळं? एवढ्या उंच झाडाला सोटमूळ नसतं. मुळं दोन ते चार मीटरच खोल जातात, पण आडवी तीस मीटरपर्यंत पसरतात आणि शेजाऱ्यांच्या मुळांत गुंततात. म्हणजे खोडापासून दहा पावलांवर उभे असलात तरी तुम्ही झाडावरच उभे असता. वरचा थर सुयांचा, कुजलेल्या लाकडाचा, स्पंजासारखा भुसभुशीत. हजारो पावलांनी तो दाबला गेला की त्यातली हवेची पोकळी जाते आणि पाणी झिरपेनासं होतं. ‘पायवाट सोडू नका’ ही पाटी वाचताना एवढं डोळ्यांपुढे असलं, की ती निव्वळ सरकारी सूचना वाटत नाही.

कुठे जायचं, हे हातात किती दिवस आहेत यावर ठरतं. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजेच्या आसपास राहणाऱ्यांना अर्ध्या दिवसात म्युर वुड्स गाठता येतं. १९०८ साली राष्ट्रीय स्मारक झालेलं हे छोटंसं, खरोखर जुनं जंगल. तिथे २०१८ पासून पार्किंग किंवा शटल बस आधी राखून ठेवावी लागते, आणि गंमत अशी की दरीत फोनला रेंज नसते. आरक्षणाची प्रत घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावी, नाहीतर फाटकाशी अडकायला होतं. सकाळी आठची वेळ घ्या. अकरानंतर तिथे झाडांपेक्षा माणसांचे आवाज जास्त.

दुसरं जवळचं ठिकाण बिग बेसिन, १९०२ मध्ये स्थापन झालेलं कॅलिफोर्नियातलं सर्वांत जुनं स्टेट पार्क. ऑगस्ट २०२० मध्ये विजांनी पेटलेल्या वणव्यात त्याचा जवळपास ९७ टक्के भाग होरपळला. ‘मग आता काय बघायचं तिथे?’ असं लोक विचारतात. उलट, रेडवुड म्हणजे काय हे समजून घ्यायला सध्या याहून चांगली जागा नाही. या झाडाची साल तीस सेंटिमीटरपर्यंत जाड असते, तिच्यात टॅनिन भरपूर आणि चटकन पेटणारी राळ नाही. फांद्या जळून गेल्या, खोड कोळशासारखं काळं झालं, तरी सालीखाली निजलेले डोळे फुटतात आणि अख्खं खोड बुंध्यापासून वरपर्यंत हिरव्या धुमाऱ्यांनी लव आल्यासारखं भरून जातं. काळ्या खोडाला हिरवी लव! असं दृश्य दुसऱ्या कुठल्या सूचिपर्णी झाडाचं क्वचितच दिसेल. पाइन एवढा जळला की बहुधा संपतो. जुलै २०२२ पासून पार्कचा काही भाग पुन्हा उघडला आहे. तिथे सावली कमी झाली आहे, त्यामुळे टोपी आणि नेहमीपेक्षा जास्त पाणी बरोबर हवं.

पण तीन-चार दिवस असतील तर सरळ उत्तरेला जावं. सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे १०१ ने साडेतीन-चार तासांवर हम्बोल्ट रेडवुड्स लागतं. तिथे मुख्य रस्त्याला समांतर अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स हा सुमारे पन्नास किलोमीटरचा जुना रस्ता आहे आणि बाजूला रॉकफेलर फॉरेस्ट, कोस्ट रेडवुडचं शिल्लक राहिलेलं सर्वांत मोठं सलग जुनं जंगल. फाउंडर्स ग्रोव्हमध्ये डायरव्हिल जायंट नावाचं झाड आडवं पडलेलं आहे. १९९१ च्या मार्चमध्ये ते कोसळलं. उभ्या झाडाची उंची डोळ्यांना कळत नाही, पण आडव्या झाडाच्या कडेने बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चालत गेलं की पायांना कळते. त्याची उपटलेली मुळं बघा, केवढी पसरट आणि किती उथळ!

आणखी दीड-दोन तास उत्तरेला गेलं की ऑरिकपासून क्रेसेंट सिटीपर्यंत रेडवुड नॅशनल अँड स्टेट पार्क्सचा पट्टा. नॅशनल पार्क १९६८ चं, त्याला लागून आधीपासूनची तीन स्टेट पार्क्स, आणि १९९४ पासून चौघांचा कारभार एकत्र. नॅशनल पार्कला प्रवेशशुल्क नाही. स्टेट पार्कच्या काही भागांत दिवसाचं शुल्क द्यावं लागतं. मूळच्या जुन्या रेडवुड जंगलापैकी आज साधारण पाच टक्केच उरलं आहे. १९६८ मध्ये उद्यान झालं तेव्हा ओढ्याकाठची झाडं राखली, पण वरच्या उतारांवर तोड चालूच राहिली; पावसात तिथली माती वाहून रेडवुड क्रीकमध्ये आली आणि काठावरच्या सर्वांत उंच झाडांच्या मुळांशी गाळ साचू लागला. म्हणून १९७८ मध्ये तोडलेले उतारसुद्धा उद्यानात घ्यावे लागले. आजही तिथे जुने लाकूडतोडीचे रस्ते उखडून डोंगर मूळ आकारात आणण्याचं काम चालू आहे. पायवाटेच्या कडेला एकाच जाडीची, दाटीवाटीची, किडकिडीत झाडं दिसली की समजावं, हे तोडीनंतरचं जंगल. जुनं जंगल तसं नसतं. तिथे आजोबा, नातू, मेलेलं खोड आणि पडलेलं खोड सगळे एकत्र नांदतात.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सॅक्रामेंटोत ३८ अंश तापमान असतं म्हणून लोक अर्ध्या बाह्यांवर निघतात आणि किनाऱ्यावर १२ अंशांत कुडकुडतात. या पट्ट्यात वर्षभर हवा साधारण ७ ते १८ अंशांच्या दरम्यान असते. आत घाम सुकवणारा पातळ सदरा, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट. सुती जीन्स नको. एकदा भिजली की दिवसभर सुकत नाही आणि मांड्या गारठतात. बुटांच्या तळव्याला खोल खाचा हव्यात, कारण ओल्या लाकडी फळ्या आणि साल निघालेली मुळं साबणासारखी निसटतात. छत्री गाडीतच ठेवा.

चालण्यासाठी तिथे शेकडो किलोमीटर वाटा आहेत. मी फक्त ज्यांची रूपं एकमेकांहून वेगळी आहेत त्या सांगते. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह: अडीच किलोमीटरचा जवळजवळ सपाट फेरा, उंचावर असल्याने धुकं हमखास, मेअखेर-जूनमध्ये ऱ्होडोडेंड्रॉनची गुलाबी फुलं. स्टाउट ग्रोव्ह: जेमतेम एक किलोमीटर, नदीकाठचा सपाट गाळ, त्यामुळे झाडांखाली झुडपांची दाटी नाही आणि खोडं बुंध्यापासून मोकळी दिसतात, दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात जावं. टॉल ट्रीज ग्रोव्हला ऑनलाइन मोफत परवाना लागतो, दिवसाच्या गाड्या मर्यादित, आणि परवान्याबरोबर फाटकाच्या कुलुपाचा आकडा मिळतो. त्या वाटेची मेख अशी की आधी अडीचशे मीटर उतरायचं आणि येताना तेवढंच चढायचं. सिंहगडाचा अर्ध्याहून कमी चढ म्हणा, पण शेवटी येतो. जाताना ज्यांचे गुडघे कुरकुरले नाहीत त्यांचाही येताना दम काढतो, म्हणून अर्धं पाणी परतीसाठी राखावं. फर्न कॅन्यनमध्ये रेडवुड नाहीत, पण पंधरा-वीस मीटर उंच उभ्या भिंती नेच्यांनी मढलेल्या आहेत आणि तळाशी ओढा. १५ मे ते १५ सप्टेंबर परवाना लागतो. उन्हाळ्यात ओढ्यावर फळ्या टाकतात, एरवी पाण्यातूनच चालायचं. तिथे जाणारा डेव्हिसन रोड कच्चा आणि अरुंद आहे, पाण्यातून गाडी घालावी लागते. मोठ्या व्हॅनला मनाई आहे.

आईबाबांना चालवत नसेल तर युरेकाच्या सिक्वोया पार्क प्राणिसंग्रहालयात २०२१ मध्ये झालेला स्काय वॉक आहे. जमिनीपासून तीस मीटर उंचीवर, झाडांमधून झुलत्या पुलांची वाट. वरच्या फांद्यांच्या बेचक्यांत साचलेली माती, तिच्यात उगवलेले नेचे, क्वचित बेरीची झुडपंसुद्धा असतात. खालून हे जग दिसतच नाही.

आता सायकल. पायी चालण्याच्या बहुतेक वाटांवर तिला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. चाक ओल्या भुसभुशीत मातीत सलग चर पाडतं, पुढच्या पावसात त्या चरातून पाणी धावतं आणि बघता बघता मुळं उघडी पडतात. पण ज्या वाटा सायकलला मोकळ्या आहेत त्या अप्रतिम आहेत.

सगळ्यात सोपी म्हणजे प्रेअरी क्रीक स्टेट पार्कमधला न्यूटन बी. ड्रुरी पार्कवे, सोळा किलोमीटरचा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना जुनं जंगल. ऑक्टोबर ते मे या काळात महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो मोटारगाड्यांना बंद ठेवतात (निघण्याआधी एकदा खात्री करावी). त्या दिवशी मुलांना घेऊन जावं. एरवी धोका गाड्यांच्या वेगापेक्षा उजेडाचा असतो. उन्हाचा कवडसा, गडद सावली, पुन्हा कवडसा, अशा लपंडावात चालकाला सावलीतला सायकलस्वार दिसत नाही. रस्त्याला कडेची पट्टीही नाही. म्हणून भर दुपारीसुद्धा मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवायचा आणि भडक पिवळं किंवा केशरी जॅकेट घालायचं. काळा-करडा अजिबात नको. हाच नियम अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्सवरही.

थोडी तयारी असेल तर ओसागॉनचा तीस किलोमीटरचा फेरा. दिशा महत्त्वाची. एल्क प्रेअरीपासून पार्कवेने उत्तरेला जा, ओसागॉन ट्रेलने समुद्राकडे उतरा, मग किनाऱ्याने दक्षिणेला येऊन डेव्हिसन रोडने परत. उन्हाळ्यात वारा वायव्येकडून वाहतो, तो किनाऱ्यावर पाठीशी राहतो. उलट गेलात तर वारा छातीवर, वर ओसागॉनचा खडा चढ सायकल ढकलत चढावा लागतो. किनाऱ्याच्या भागात वाळूचे पट्टे लागतात: तिथे हवा थोडी कमी केलेले चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर तरतात, पातळ टायर रुततात. वाळूत पुढचा ब्रेक दाबू नये. संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवून साखळीला पुन्हा तेल द्यायचं. खारट दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो.

तिसरी वाट लॉस्ट मॅन क्रीक आणि हॉल्टर रिज, साधारण बत्तीस किलोमीटर. सुरुवातीचे दोनेक किलोमीटर ओढ्याकाठी सपाट, नंतर लांबलचक चढ, मग डोंगरधार आणि शेवटी बाल्ड हिल्स रोडने हायवेपर्यंत उतार. गडबड होते ती या उतारावर. काही ठिकाणी तो पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, धुक्याने रस्ता ओला असतो, वर सुयांचा थर. ब्रेक सतत दाबून धरले की तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. दाबा, सोडा, दाबा, आणि वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. निघण्यापूर्वी ब्रेकचे पॅड तपासा. दोन जादा ट्यूब, पंप, साखळी जोडायची कडी हवीच, कारण वाटेत दुकान नाही आणि फोनला रेंज नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

खाण्याचा विषय मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, आणि तो आपल्या लोकांशी थेट संबंधित आहे. मार्बल्ड मरलेट हा छोटा समुद्रपक्षी मासे समुद्रात पकडतो, पण वर्षाला एकच अंडं घालतो तेही आत जंगलात, जुन्या झाडाच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर. त्याचं घरटं शास्त्रज्ञांना १९७४ पर्यंत सापडलं नव्हतं. सापडलं ते बिग बेसिनमध्ये. आज त्याच्या अंड्यांचे मोठे शत्रू म्हणजे निळा स्टेलर्स जे आणि डोमकावळा. हे पक्षी माणसांच्या सांडलेल्या खाण्यावर वाढतात. जिथे सहलीची टेबलं तिथे त्यांची गर्दी, आणि गर्दी झाली की वरची घरटी लुटली जातात. म्हणून उद्यानवाले एक कणही सांडू नका म्हणून कळवळून सांगतात.

आता आपला डबा बघा: चिवडा, शेव, फरसाण, चकली. सांडण्यासाठीच जन्मलेले पदार्थ! ते गाडीत बसून खावेत. जंगलात न्यायचं तर दशमी, धपाटे, पोळीभाजीची घट्ट गुंडाळी, गूळपोळी नको पण खजुराचे लाडू चालतील. मांडीवर फडकं पसरावं, झाल्यावर ते तिथे न झटकता गुंडाळून घरी न्यावं. शेंगांची टरफलं, संत्र्याची सालंसुद्धा परत न्यायची. मुक्कामी असाल तर खाणं, टूथपेस्ट, साबण सगळं लोखंडी पेटीत ठेवावं. काळी अस्वलं आहेत.

तीन-तीन चकचकीत पानांचं झुडूप दिसलं तर हात लावू नका. तो पॉयझन ओक, आपल्या बिब्ब्याच्याच कुळातला. बिब्बा उतल्यावर अंगाचं काय होतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. हिवाळ्यात पानं झडली तरी काड्या तेवढ्याच बाधतात. दक्षिणेकडच्या उद्यानांत तो अधिक. स्पर्श झालाच तर लगेच साबण आणि गार पाण्याने धुवा, आणि कपडे वेगळे धुवा. माळावरची रूझवेल्ट एल्क ही मोठाली हरणं गायींसारखी शांत चरताना दिसतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या माजाच्या दिवसांत आणि पिल्लं लहान असताना धावून येतात; पंचवीस मीटर अंतर राखा. जोराचा वारा सुटला की जंगलातून बाहेर पडा. शंभर मीटरवरून सुटलेली फांदी भाल्यासारखी जमिनीत रुतते.

हायपेरियन पाहायचं का? नाही. २००६ मध्ये ते सापडलं, पुढे त्याची जागा इंटरनेटवर फुटली, आणि वाट नसलेल्या उतारावरून माणसं तिथे पोचू लागली. बुंध्याभोवतीचे नेचे तुडवले गेले, जमीन दगडासारखी झाली. २०२२ पासून तो भाग बंद आहे. दंड पाच हजार डॉलरपर्यंत आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. बुंध्याशी उभं राहिलं तर त्याचा शेंडाही दिसत नाही. ग्रोव्ह ऑफ टायटन्सचं असंच झालं होतं, पण तिथे २०२२ मध्ये जमिनीपासून उचललेली चारशे मीटरची जाळीदार वाट बांधली. पाणी आणि उजेड जाळीतून खाली जातो, पाय मात्र जात नाहीत. तिथे जरूर जा.

हा प्रदेश मुख्यतः युरोक या मूळ रहिवाशांचा. त्यांची घरं आणि होड्या रेडवुडच्या लाकडाच्या. २०२२ च्या मे महिन्यात युरोक जमातीनेच इथल्या आकाशात कॅलिफोर्निया काँडोर हे गिधाडासारखे प्रचंड पक्षी पुन्हा सोडले. शंभराहून अधिक वर्षं ते इथून नाहीसे झाले होते. माळरानावरून चालताना फार मोठी, संथ, पंख न हलवणारी सावली गेली तर थांबून वर बघा.

आणि बाकी वेळ खाली. वाटेच्या कडेला गुडघ्याच्याही खाली पसरलेली तीन पाकळ्यांसारखी पानं दिसतील, हिरवीगार, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची. ती रेडवुड सॉरेल, आपल्या अंगणातल्या आंबुशीची मोठी बहीण. या काळोखातल्या उजेडावर जगायची तिला इतकी सवय आहे की थेट ऊन सोसत नाही. धुकं विरत असताना एखादा कवडसा तिच्यावर पडला, तर तिथेच उकिडवं बसा. काही मिनिटांत तिन्ही पानं छत्री मिटावी तशी खाली मिटतात. कवडसा पुढे सरकतो, पुढची रोपटी मिटू लागतात, आणि मागे सावलीत राहिलेली पुन्हा सावकाश उघडतात.